पेशी पाहावी बांधून

मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतील जे. क्रेग व्हेंटर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी एका जीवाणूची जनुकयादी जाहीर केली. तिच्यात अवघी ४७३ जनुके होती. हा जीवाणू निसर्गात सापडलेला नव्हता. त्याचा जीनोम आधी संगणकावर आखला गेला, मग डीएनएचे तुकडे रसायनांपासून तयार झाले, यीस्टच्या पेशीत ते एकमेकांना जोडले गेले आणि अखेर तो अख्खा जीनोम मायकोप्लाझ्मा गटातल्या दुसऱ्या एका जीवाणूच्या पेशीत घातला गेला. त्या पेशीने तो आपला मानला. ती वाढू लागली, एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. 'सिन ३.०' असे तिचे नाव. स्वतःच्या बळावर प्रयोगशाळेत वाढू शकणाऱ्या ज्ञात जिवांमध्ये याहून छोटा जीनोम तेव्हा कुणाचाच नव्हता.

मला त्या यादीतला दुसरा एक आकडा जास्त मोलाचा वाटतो. ४७३ पैकी १४९ जनुकांचे नेमके काम काय, हे यादी करणाऱ्यांनाही सांगता आले नाही. ती काढली तर पेशी मरते किंवा खुरटते, एवढेच माहीत होते. माणसाने जीनोम अक्षर न् अक्षर लिहून काढला, पेशी जगली, आणि त्या मजकुराच्या जवळपास एक-तृतीयांश भागाचा अर्थ लिहिणाऱ्यालाच लागत नव्हता.

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. बांधायला घेतल्याशिवाय घर काय चीज आहे ते कळत नाही. सिन ३.० चेही असेच झाले. तोवरच्या माहितीच्या भरवशावर या गटाने किमान जीनोमचा पहिला आराखडा केला होता. त्यातून जिवंत पेशी निघालीच नाही. मग त्यांनी एकेका जनुकात अडथळा घालून पेशी तगते का ते तपासले, जीनोमचे आठ तुकडे वेगवेगळे पारखले, आणि 'अनावश्यक' म्हणून वगळलेली कितीतरी जनुके परत आणली. बांधकाम फसले म्हणून अज्ञान कुठे आहे ते दिसले, आणि ते दिसले म्हणून पुढचे बांधकाम उभे राहिले.

जिवंत पेशी तिच्या समग्र व्यवहारासह समजून घेणारी शाखा म्हणजे सिस्टिम्स बायॉलॉजी, आपल्या भाषेत प्रणाली जीवशास्त्र. पेशीत नवे व्यवहार रचू पाहणारी शाखा म्हणजे सिंथेटिक बायॉलॉजी, संश्लेषी जीवशास्त्र. या दोघींच्या पंचवीस वर्षांच्या वाटचालीचा हा आढावा आहे. मला त्यातून एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: जिथे या दोघी एकत्र नांदल्या तिथे काम तडीस गेले, आणि जिथे एकीने दुसरीला मागे टाकले तिथे ते अडले.

दोघींचे माहेर एकच

१९६१ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वा जॅकोब आणि जॅक मोनो यांनी एका साध्या प्रश्नाचा उलगडा केला. ई. कोलाय या जीवाणूला दुधातली साखर मिळाली, तरच ती पचवणारी प्रथिने तो तयार करतो. साखर नसताना तो ती तयार करत नाही. हे त्याला कळते कसे? जनुकांवर पहारा करणारी दुसरी जनुके असतात, ती परिस्थिती पाहून कामाला परवानगी देतात किंवा मनाई करतात, असे त्यांनी दाखवले. पेशीत नुसती जनुकांची रास नसते, त्यांच्यात कारभार चालतो, ही जाणीव तिथून रुजली. १९६५ साली दोघांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह नोबेल मिळाले.

पुढे डीएनए कापण्या-जोडण्याची हत्यारे हाती आली. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिन ई. कोलायमध्ये तयार झाले आणि १९८२ मध्ये औषध म्हणून मंजूर झाले. पण ते काम एका प्रथिनाचे होते: जनुक घाला, प्रथिन काढा. पेशीचा कारभार बदलण्याचा प्रश्न त्यात फारसा नव्हता.

तो प्रश्न २००० साली उभा राहिला. मानवी जीनोमचा कच्चा मसुदा त्याच वर्षी जाहीर झाला आणि सुटे भाग हाती आले, आता त्यांची जुळणी समजली पाहिजे, ही भावना बळावली. लेरॉय हूड यांनी सिएटलमध्ये सहकाऱ्यांसह प्रणाली जीवशास्त्राची संस्था काढली. टोकियोत हिरोआकी कितानो यांनी तशीच संस्था सुरू केली. त्याच वर्षीच्या जानेवारीत 'नेचर'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. बोस्टनच्या गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी जीवाणूत जनुकांचा खटका बसवला होता. एकदा दाबला की पेशी तीच अवस्था धरून ठेवते. प्रिन्स्टनच्या मायकेल एलोविट्झ आणि स्टॅनिस्लास लाइब्लर यांनी जीवाणूत घड्याळ बसवले होते.

लुकलुकणारा जीवाणू

हे घड्याळ जवळून पाहण्यासारखे आहे. तीन जनुके गोलात बसवली आहेत. पहिले दुसऱ्याला गप्प करते, दुसरे तिसऱ्याला, तिसरे पहिल्याला. पहिले बोलू लागले की दुसरे थांबते. दुसरे थांबले की तिसऱ्याला मोकळीक मिळते. तिसरे बोलू लागले की पहिल्याचे तोंड बंद. अशी ही फेरी चालत राहते. सोबत हिरव्या प्रकाशाचे प्रथिन जोडले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हळूहळू हिरवी उजळते, मंदावते, पुन्हा उजळते. एका फेरीला सुमारे अडीच तास लागतात. तेवढ्या वेळात पेशी दोन-तीनदा विभागलेली असते, म्हणजे आईने सुरू केलेली फेरी लेकी-नातींकडे जाऊन पुरी होते.

घड्याळ चालले खरे, पण वेळ बरोबर दाखवत नव्हते. जेमतेम ४० टक्के पेशींमध्ये ते दिसले. एकाच आईच्या दोन लेकी थोड्या वेळाने एकमेकींपासून भरकटत. गणितातले समीकरण नीटनेटकी लाट दाखवत होते, पेशी तशी वागत नव्हती.

बांधणारे इथेच थांबले असते, तर त्यांनी आणखी जनुके घालून, आणखी ताकदवान भाग बसवून दुरुस्ती केली असती. एलोविट्झ यांनी वेगळा रस्ता धरला. आपल्या लाटेत हा गोंगाट येतो कुठून, हे त्यांनी विचारले. २००२ मध्ये त्यांच्या गटाने एकाच पेशीत दोन रंगांची प्रथिने एकाच हुकमाखाली ठेवली. हुकूम एक, पेशी एक. तरी रंगांचे प्रमाण पेशीगणिक बदलत होते. पेशीत अनेक रेणूंची संख्या मोजकीच असते, त्यामुळे जनुकाचे चालू-बंद होणे काही अंशी योगायोगावर अवलंबून असते, हे त्यातून लख्ख दिसले. बिघाड समजण्यासाठी केलेल्या प्रयोगाने पेशीचा एक मूलभूत स्वभाव उघड केला.

त्या समजुतीचा परतावा २०१६ मध्ये मिळाला. हार्वर्डमधल्या योहान पॉल्सन यांच्या गटाने तेच तीन जनुकांचे घड्याळ घेतले आणि गोंगाट कुठे शिरतो त्याचे गणित मांडले. प्रथिने लवकर नष्ट व्हावीत म्हणून त्यांना लावलेले शेपूटच मोठा दोषी ठरले. ते त्यांनी काढून टाकले. एका प्रथिनाच्या अगदी थोड्या रेणूंनीही कळ फिरत होती, म्हणून ते जादा रेणू शोषून घेणाऱ्या जागा पुरवल्या. भर घालण्यापेक्षा वगळण्यावर भर होता. घड्याळ पिढ्यानपिढ्या ठेक्यात चालू लागले. थाळीवर वाढणाऱ्या जीवाणूंच्या वसाहतीत झाडाच्या खोडासारखी एकात एक वर्तुळे उमटली. प्रत्येक वर्तुळ म्हणजे घड्याळाची एक फेरी. बांधणे, बिघाड, समजणे आणि पुन्हा बांधणे असा सोळा वर्षांचा हा प्रवास. या विषयाचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

पेशीचा जमाखर्च

घड्याळ हे प्रात्यक्षिक होते. उद्योगाला माल हवा असतो, आणि माल म्हणजे चयापचय. पेशी साखर घेते, शेकडो रासायनिक पायऱ्यांनी तिचे ऊर्जेत आणि स्वतःच्या अंगात रूपांतर करते. या पायऱ्यांचा हिशेब मांडण्याचे मोठे काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत बर्नहार्ड पाल्सन यांच्या गटाने केले. कल्पना साधी आहे. पेशीत येणारा प्रत्येक अणू कुठेतरी गेलाच पाहिजे. आवक आणि जावक यांचा ताळेबंद जुळवला की पेशी कोणत्या वाटेने किती माल नेऊ शकते, याच्या मर्यादा निघतात. त्यासाठी प्रत्येक विकराचा वेग माहीत असावा लागत नाही. ई. कोलायच्या २०१७ च्या ताळेबंदात १,५१५ जनुके आणि २,७०० हून अधिक अभिक्रिया आहेत.

हा कागदी हिशेब पेशीला मान्य असतो का? २००२ मध्ये पाल्सन यांच्याच गटाने त्याची परीक्षा घेतली. ग्लिसरॉलवर ई. कोलाय किती वेगाने वाढू शकेल याचा एक आकडा हिशेबातून निघत होता. प्रत्यक्षात तो जीवाणू त्यावर रडतखडत वाढत होता. शास्त्रज्ञांनी त्याला ग्लिसरॉलवरच ठेवले आणि सुमारे ७०० पिढ्या वाट पाहिली. उत्क्रांतीने त्याला उचलून हिशेबाने वर्तवलेल्या वेगापर्यंत आणून ठेवले.

या पायावर एक कारखाना उभा आहे. १,४-ब्युटेनडायॉल हे रसायन स्पँडेक्सच्या धाग्यात आणि अनेक प्लास्टिकांत लागते आणि खनिज तेल व वायूपासून बनते. ते बनवणारा एकही जीव निसर्गात माहीत नव्हता. सॅन डिएगोच्या जीनोमॅटिका कंपनीने संगणकाला विचारले की पेशीतल्या नेहमीच्या रेणूंपासून या रसायनापर्यंत कोणकोणत्या वाटा जाऊ शकतात. दहा हजारांहून अधिक वाटा निघाल्या. त्यांतून चाळून एक निवडली, आणि मग खरे कौशल्य दाखवले. प्राणवायू कमी असताना ई. कोलाय साखर मोडतो तेव्हा त्याच्याकडे इलेक्ट्रॉन साचतात. ते कुठेतरी टाकल्याशिवाय त्याला पुढे वाढता येत नाही. एरवी तो अल्कोहोल, लॅक्टिक आम्ल, फॉर्मिक आम्ल बनवून ही अडचण सोडवतो. ताळेबंद पाहून त्यांनी नेमकी हीच दारे बंद केली. एकच दार उघडे ठेवले: ब्युटेनडायॉल.

आता त्या जीवाणूला वाढायचे तर हे रसायन बनवणे भागच होते. एरवी आपण घातलेला मार्ग पेशीला ओझे वाटतो आणि उत्क्रांती तो मोडून काढते. इथे उत्क्रांती मालकाच्या बाजूने उभी राहिली. जो जास्त बनवेल तो जास्त वाढेल. २०११ मध्ये लिटरमागे १८ ग्रॅम उत्पादन जाहीर झाले, पुढे ते शंभर ग्रॅमच्या वर गेले. २०१६ मध्ये इटलीतल्या आद्रिया इथे नोव्हामाँट कंपनीने वर्षाला ३० हजार टन क्षमतेचा कारखाना सुरू केला. जनुके घालण्याइतकेच कोणती दारे लावायची हे ठरवणेही मोलाचे, हा धडा इथे मिळतो. दारे कुठली ते ताळेबंदाने सांगितले.

हिवतापाच्या औषधाची गोष्ट

दुसरी मोठी कथा हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनची. चीनमधल्या एका वनस्पतीतून हे द्रव्य शोधणाऱ्या तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. लागवडीपासून औषधापर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो, त्यामुळे एका वर्षी टंचाई, दुसऱ्या वर्षी सुकाळ, आणि भावाचा झोका. बर्कलीच्या जे कीसलिंग यांनी हेच द्रव्य सूक्ष्मजीवांकडून तयार करून घ्यायचे ठरवले. गेट्स फाउंडेशनने २००४ मध्ये या प्रकल्पाला ४ कोटी २६ लाख डॉलर दिले.

२००६ मध्ये यीस्टने आर्टेमिसिनिक आम्ल तयार केले. लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम. तिथून २०१३ मध्ये २५ ग्रॅमपर्यंत मजल गेली, अडीचशे पट. या वाढीतला एक टप्पा मला फार बोलका वाटतो. वनस्पतीतले एक विकर आणि त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारा त्याचा मदतनीस, असे दोघे यीस्टमध्ये भरपूर प्रमाणात घातले होते. जास्त घातले म्हणजे जास्त निघेल हा सरळ हिशेब. पण यीस्ट मरू लागले. मदतनीस गरजेपेक्षा जास्त झाल्याने पेशीचा तोल जात होता. त्याचे प्रमाण कमी केल्यावर पेशी तगल्या. वनस्पतीत त्या विकराच्या सोबतीला आणखी एक प्रथिन असते; तेही घातल्यावर उत्पादन वाढले. झाडाने लाखो वर्षांत जुळवलेले प्रमाण समजून घेतले तेव्हा यीस्ट वठणीवर आले.

एवढे होऊनही ही कथा सुखान्त झाली नाही. सनोफी कंपनीने इटलीत गारेसिओ इथे उत्पादन सुरू केले; किलोचा भाव ३५० ते ४०० डॉलरच्या आसपास पडत होता. दरम्यान शेतकऱ्यांनी भरपूर लागवड केली आणि शेतातल्या मालाचा भाव २५० डॉलरच्या खाली उतरला. सनोफीने तो कारखाना विकायला काढला. पेशी समजली, बाजार समजला नाही. इथे 'प्रणाली' या शब्दाचा अर्थ पेशीच्या भिंतीपलीकडे न्यावा लागतो. शेत, शेतकरी, भाव आणि रोगी हीसुद्धा एक प्रणाली आहे, आणि यीस्ट तिचा एक भाग. ज्यांच्या पोटावर पाय येणार त्या लहान शेतकऱ्यांना या हिशेबात सुरुवातीपासून जागा असायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंथरूण पाहून पाय

संश्लेषी जीवशास्त्राच्या सुरुवातीच्या काळात इलेक्ट्रॉनिक्सची उपमा फार वापरली गेली. जनुके म्हणजे सुटे भाग, त्यांची जोडणी म्हणजे सर्किट. उपमेने उत्साह दिला, तरुण अभियंते या क्षेत्रात आले. पण तिच्यात एक खोट होती. सर्किट बोर्डावर बसवलेला भाग बोर्डाची वीज खातो, बोर्डाचे आयुष्य खात नाही. पेशीत घातलेले प्रत्येक जनुक तिच्या रायबोसोमांवर हक्क सांगते. रायबोसोम म्हणजे प्रथिने विणणारे माग. ते मोजके असतात. आपल्या कापडासाठी चार माग अडले की पेशीच्या स्वतःच्या कपड्याला तेवढे कमी.

२०१० मध्ये टेरेन्स ह्वा आणि सहकाऱ्यांनी याचा नियमच मांडून दाखवला. ई. कोलाय किती वेगाने वाढतो आणि आपल्या प्रथिनांपैकी किती वाटा तो रायबोसोमांवर खर्च करतो, यांचे नाते सरळ रेषेचे आहे. परके प्रथिन जितके लादाल, वाढ तितकी मंदावते, आणि किती मंदावेल हे आधी सांगता येते. २०१५ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या गटाने पेशीत एक मापक बसवला. त्याची चकाकी कमी झाली की समजायचे, घातलेल्या सर्किटचा भार पेशीला सोसवत नाही. नंतर त्यांनीच असे सर्किट रचले की भार वाढताच ते स्वतः आवरते घेते. अंथरूण पाहून पाय पसरणारे सर्किट.

याच विचाराने बाझलमध्ये मुस्तफा खम्माश यांच्या गटाने २०१९ मध्ये पेशीत नियंत्रक बसवला. फ्रीजमधला थर्मोस्टॅट बाहेर कितीही उकाडा असला तरी आतले तापमान ठरावीक ठेवतो. त्यांनी एकमेकांना निकामी करणाऱ्या दोन रेणूंच्या जोडीतून तसा नियंत्रक रचला. परिस्थिती बदलली तरी प्रथिनाची पातळी ठरल्या जागी परत येते. जीवाणू अन्नाच्या दिशेने पोहताना अशीच युक्ती वापरतो, हे प्रणाली जीवशास्त्राने आधीच दाखवले होते.

२०१६ मध्ये एमआयटीत ख्रिस्तोफर व्हॉइट यांच्या गटाने सर्किट आखणारी संगणक प्रणाली केली. काय हवे ते लिहा, ती डीएनएचा मजकूर देते. साठ सर्किटांपैकी ४५ पहिल्या बांधणीत बिनचूक चालली. हे यश मोठे आहे. पण ही प्रणाली एका ठरावीक जीवाणूच्या ठरावीक परिस्थितीसाठी होती. पेशी बदलली की मोजमापे नव्याने घ्यावी लागतात. यजमान कोण आहे ते विसरून पाहुणचार ठरवता येत नाही.

उत्क्रांतीला सोबत घ्यावे लागते

सिन ३.० चे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ती पेशी मंद होती. विभागायला सुमारे तीन तास घेई, आणि तिची पिल्ले वेड्यावाकड्या आकारांची होत. १९ जनुके परत घातल्यावर ती सुधारली, आणि त्यातली सात जनुके सुबक विभाजनाला लागतात असे २०२१ मध्ये कळले. त्या सातांपैकी काहींचे काम आजही अज्ञात आहे. दुसऱ्या एका गटाने किमान पेशीला २,००० पिढ्या नुसते वाढू दिले. जनुके छाटल्यामुळे गमावलेला जोम तिने भरून काढला. २०२३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. छाटून छाटून अगदी सांगाडा उरला, तरी जीव स्वतःला सुधारत राहतो.

इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या रॉन मिलो यांनी हाच गुण कामाला लावला. साखरेवर जगणाऱ्या ई. कोलायला हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर जगायला शिकवायचे होते. कोणती जनुके घालायची, कोणती काढायची हे गणिताने ठरले. मग जीवाणूंना साखरेच्या टंचाईत आणि कार्बन डायऑक्साइडच्या सुकाळात ठेवले. सुमारे दोनशे दिवसांनी साखरेवाचून जगणारे जीवाणू उदयाला आले, आणि त्यांच्या अंगातला सगळा कार्बन हवेतून आलेला होता. ऊर्जेसाठी त्यांना फॉर्मेट द्यावे लागते आणि ते शोषतात त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, म्हणून हवामानबदलावर हा तोडगा नाही. पण आराखडा माणसाचा आणि शेवटचा हात उत्क्रांतीचा, ही कामाची वाटणी इथे छान जमली.

रोग्यापर्यंत पोहोचताना

शरीराच्या आत गेल्यावर प्रश्न आणखी गुंतागुंतीचे होतात. फिनाइलकिटोन्युरिया या जन्मजात विकारात शरीराला फिनाइलअलॅनिन पचत नाही. ते आतड्यातच फस्त करणारा जीवाणू सिन्लॉजिक कंपनीने घडवला. सुरुवातीच्या चाचण्यांत तो काम करताना दिसला, पण तिसऱ्या टप्प्यातली चाचणी यशाची शक्यता कमी दिसल्यावर २०२४ मध्ये थांबवली गेली. प्रयोगशाळेतल्या भांड्यातला जीवाणू आणि आतड्याच्या गर्दीतला जीवाणू यांची परिस्थिती एक नसते, हे अशा प्रत्येक औषधाला आधी सोडवावे लागणारे कोडे आहे.

रोग्याच्याच पेशी घडवण्याच्या उपचाराला मात्र यश येत आहे. कार-टी उपचारात रोग्याच्या रक्तातल्या टी पेशी काढून, कर्करोगाच्या पेशी ओळखणारा कृत्रिम ग्राहक त्यांना देऊन परत सोडतात. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशातल्या खर्चाच्या मानाने तो कितीतरी स्वस्त आहे. परळ आणि पवई या मुंबईच्या दोन भागांतले डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसले, म्हणून हे घडले.

पवईहून आणखी एक गोष्ट सांगायची आहे. २०१८ मध्ये आयआयटी मुंबईतल्या प्रमोद वांगीकर यांच्या गटाने पवई तलावातून मिळालेल्या एका सायनोबॅक्टेरियाचे वर्णन प्रसिद्ध केले. सूर्यप्रकाश आणि कार्बन डायऑक्साइडवर वाढणारा हा हिरवट जीव अनुकूल स्थितीत अडीच तासांच्या आत दुप्पट होतो; प्रयोगशाळांत रूढ असलेल्या नातेवाइकांपेक्षा हा चपळ. आधी त्याचा जीनोम आणि चयापचय तपासले गेले, मग २०२० मध्ये त्याच्याकडून इथिलीन आणि सक्सिनिक आम्ल करवून घेण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. आधी ओळख, मग काम. आपल्या पाणवठ्यांत, मातीत, मळीच्या टाक्यांत असे किती जीव असतील! ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने जैवउत्पादनाला चालना देणारे बायोई-३ धोरण मंजूर केले. त्यातला पैसा पोलादी टाक्यांइतकाच या स्थानिक जिवांच्या मोजमापावर खर्च झाला पाहिजे. दुसऱ्यांनी ओळखलेल्या पेशी आणून आपण फार तर दुसऱ्यांचे कारखाने चालवू.

समजल्यावाचून लिहिणे

२०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्कस कोव्हर्ट यांच्या गटाने ५२५ जनुकांच्या एका जीवाणूची अख्खी पेशी संगणकात उतरवली. २८ उपप्रतिकृती एकमेकींशी बोलत होत्या. एका पेशीचे एक जीवनचक्र मोजायला सुमारे दहा तास लागत. खऱ्या जीवाणूलाही जवळपास तितकेच लागतात. प्रतिकृतीचे भाकीत आणि खरी पेशी जिथे जुळली नाहीत, तिथे शोध घेतल्यावर काही विकरांबद्दलची माहितीच दुरुस्त करावी लागली. चुकलेल्या भाकिताचा हा फायदा.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने नवा पेच आणला आहे. प्रथिनांची रचना वर्तवणे आणि नवी प्रथिने आखणे यांसाठी २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लाखो जीनोम वाचून शिकलेल्या प्रणाली स्वतः डीएनए लिहू लागल्या आहेत. त्यांनी लिहिलेले चालेलही, पण ते का चालते हे त्या सांगत नाहीत. १४९ जनुकांचा प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा दाराशी आला आहे.

हा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲसिलोमार इथे शास्त्रज्ञांनी स्वतःहून एकत्र येऊन जनुकीय प्रयोगांची बंधने ठरवली होती. २०१५ मध्ये प्रयोगशाळेबाहेर न मिळणाऱ्या कृत्रिम अमिनो आम्लावाचून मरणारे जीवाणू तयार झाले. निसटले तरी ते जगू नयेत ही योजना. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी 'आरशातले जीव' घडवू नयेत असा इशारा दिला. ज्यांचे रेणू आपल्या रेणूंची उलट प्रतिमा असतील असे हे जीव आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेला ओळखूच येणार नाहीत, ही भीती. इशारा देणाऱ्यांत अशा संशोधनावर काम केलेलेही होते. ज्याचे वागणे वर्तवता येत नाही ते बांधायचे नाही, असे म्हणण्याचे हे धैर्य मला या क्षेत्राच्या वयात येण्याची खूण वाटते.

समजणे आणि बांधणे यांच्या चाली सारख्या नसतात. बांधण्याला पैसा, प्रसिद्धी आणि कारखाना मिळतो. समजण्याला वेळ लागतो आणि त्याची बातमी होत नाही. म्हणून धोरणे ठरवणाऱ्यांकडे आणि विद्यापीठांकडे माझी मागणी आहे की प्रत्येक नव्या सर्किटबरोबर त्याने पेशीवर टाकलेला भार मोजला जावा, फसलेले आराखडेही प्रसिद्ध व्हावेत, आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ताळेबंदाचे गणित, तर अभियंत्याला जिवंत पेशी हाताळणे शिकवले जावे.

सिन ३.० च्या यादीवर काम थांबलेले नाही. एकेका जनुकावर चिकाटीने काम करून शास्त्रज्ञांनी अज्ञात जनुकांची संख्या शंभराच्या खाली आणली. २०२२ मध्ये तिच्या सुधारित बहिणीची समग्र प्रतिकृतीही संगणकात उभी राहिली. ती पेशी बांधली नसती, तर कोणती जनुके कळलेली नाहीत हेही इतके नेमके कळले नसते. एकेका जनुकासमोर आता त्याचे काम लिहिले जात आहे. बांधलेल्या घरातल्या खोल्यांची दारे एकेक करून उघडत आहेत.